ख्रिस्त काळजी घेतो, तर मग आमच्या घरी डायलिसिस का?

ताई, जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: यजमानांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. उपास झाले, तेल लावून प्रार्थना झाल्या, दर गुरुवारी घरी प्रार्थना गट जमतो. आता त्याच गटातल्या एका बाईंनी सांगितलं की तुमचा विश्वास कमी पडतो म्हणून उत्तर अडलंय, एकदा मशीन बंद करून दाखवा, प्रभू बरं करील. आणि तुमचा प्रश्न असा की, ख्रिस्त आपल्या लोकांची प्रेमाने काळजी घेतो हे संडेस्कूलपासून ऐकत आले, मग आमच्या घरी ती काळजी दिसत का नाही? आणि असं विचारणं हेच पाप आहे का?

बाकी सगळं नंतर. आधी हे ऐका: डायलिसिस एकदाही चुकवू नका. मूत्रपिंड काम करत नसताना रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय अचानक थांबू शकतं, आणि ते थांबण्याआधी दवंडी पिटत नाही. कुणी कितीही आत्म्याने भरून बोललं तरी हा निर्णय प्रार्थना गटाचा नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तुमच्या पत्रात मला दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. एक ख्रिस्ताबद्दलचा आहे, त्याला आमची काळजी आहे का. दुसरा तुमच्याबद्दलचा आहे, ती मिळण्याइतकी मी चांगली विश्वासी आहे का. पहिला प्रश्न तुमच्या मनात आधीपासून असेल, पण दुसरा बाहेरून आणून ठेवलेला आहे, आणि त्यानेच तुम्हाला जास्त थकवलंय असं मला वाटतं.

मी मंडळीचा पाळक म्हणून काम केलं, त्यातली बरीच वर्षं दवाखान्यांच्या वॉर्डांत फिरण्यात गेली. मी प्रॉटेस्टंट आहे. तुम्ही कॅथलिक असाल तर तुमचे फादर रुग्णाच्या तैलाभ्यंगाबद्दल माझ्यापेक्षा नेमकं सांगतील. शिवाय यजमानांची तब्येत आज कोणत्या टप्प्यावर आहे, प्रत्यारोपणाची शक्यता आहे का, घरात कमावतं कोण आहे, रात्री तुम्हाला झोप लागते का, यातलं काहीच मला माहीत नाही. त्यामुळे जे तुमच्या घराला लागू पडेल तेवढंच घ्या.

असं विचारणं पाप आहे का, हे आधी बघू. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळाची गोष्ट आहे. होडीत पाणी भरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. शिष्य त्याला उठवून काय म्हणतात? "गुरुजी, आपण बुडतो याची आपणाला काळजी नाही काय?" म्हणजे तुमचाच प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत. लूकच्या दहाव्या अध्यायात मार्था स्वयंपाकघरातून येऊन असंच काहीसं सुनावते, बहिणीने सगळं काम माझ्या एकटीवर टाकलं, तुम्हाला पर्वा नाही का म्हणून. दोन्ही वेळा विचारणारी माणसं त्याची स्वतःची आहेत. परक्या माणसाने असं विचारल्याचं मला कुठे आढळत नाही. ज्याच्याकडून काळजीची अपेक्षा आहे त्यालाच माणूस असं विचारतो.

होडीतल्या गोष्टीतला क्रमही बघा. मार्क सांगतो की येशूने आधी वारा शांत केला आणि मग शिष्यांना विचारलं, एवढे का घाबरलात. आधी विश्वास दाखवा, मग वादळ थांबवतो, असं काही तो म्हणाला नाही. पेत्र त्या होडीत होता. आणि पुढे पेत्राच्याच नावाच्या पहिल्या पत्रात ती ओळ येते जी आपण कॅलेंडरांवर छापतो, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. ती ओळ छळ सोसणाऱ्या मंडळ्यांना लिहिलेली आहे. छळ संपेल असं आश्वासन त्या ओळीत नाही.

आता विश्वास कमी पडण्याबद्दल. प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय काढा आणि त्या बाईंसमोर मोठ्याने वाचा. हेरोद राजा याकोब या प्रेषिताला तलवारीने मारतो. मग पेत्राला पकडतो. मंडळी एकच आणि राजाही तोच, पण एक जण मेला आणि दुसऱ्याला देवदूताने तुरुंगातून बाहेर काढलं. याकोबाचा विश्वास पेत्रापेक्षा कमी होता असं शास्त्र कुठेच म्हणत नाही. त्याहून मजा पुढे आहे. सुटलेला पेत्र मार्काच्या आईच्या घरी येऊन दार ठोठावतो, आत लोक त्याच्यासाठी प्रार्थनाच करत असतात, रुदा नावाची मुलगी धावत जाऊन सांगते की पेत्र दारात उभा आहे, आणि हे प्रार्थना करणारे विश्वासी तिला वेड्यात काढतात. प्रार्थनेचं उत्तर दारात येऊन उभं होतं आणि आतल्या कुणाचाच विश्वास बसत नव्हता! विश्वासाच्या मापावर उत्तर मिळत असतं तर पेत्र तुरुंगातच राहिला असता.

पौलाच्या पत्रांतही आजारी माणसं आहेत. त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून तो पुढे गेला. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर त्याने थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, म्हणजे औषधच सांगितलं. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली आणि काटा गेला नाही. मिळालं ते माझी कृपा तुला पुरे आहे, एवढं. आणि खुद्द प्रभूने गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून मागितलं. तोही टळला नाही. तेव्हा ज्यांना हवं ते मिळालं नाही त्यांच्या रांगेत तुम्ही उभ्या असाल तर पुढे कोण उभं आहे तेही बघा.

घरात काही लपलेलं पाप असेल, असंही त्या गटात कुणी म्हणालं असं तुम्ही लिहिलंय. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशूने दोघांचंही नाव घेतलं नाही. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा जण मेले, त्यांच्याबद्दलही तो म्हणाला की ते काही यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते. मूत्रपिंडं बहुतेक वेळा मधुमेह आणि रक्तदाबाने जातात. एवढ्या साध्या कारणासाठी तुमच्या घराण्याची चौकशी लावायची गरज नाही.

मग काळजी म्हणजे नेमकं काय? माझ्या मते ख्रिस्ताची काळजी संकट येणार नाही या हमीत नाही, संकटात तो सोडून जात नाही यात आहे. योहानाच्या दहाव्या अध्यायात उत्तम मेंढपाळ आणि मोलकरी यांच्यातला फरक एवढाच सांगितलाय की लांडगा आला की मोलकरी पळतो. लांडगा दोघांच्याही कळपावर येतो. आमच्या नगरकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे शेतात उतरतात. शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतो, रात्रभर कळप जाळीच्या आत आणि धनगर त्याच वावरात, उघड्यावर, घोंगडी पांघरून. पाऊस आला तर दोघांवर येतो. चालताना थकलेलं कोकरू घोड्यावरच्या सामानात नाहीतर खांद्यावर जातं, पण कळप उन्हातूनच चालतो. संडेस्कूलच्या भिंतीवरच्या चित्रात हिरवं कुरण आणि निवांत पाणी असतं, म्हणून आपल्याला वाटतं की काळजी म्हणजे तेवढंच. तेविसाव्या स्तोत्रातच पुढे मृत्युच्छायेची दरी आहे, ती त्या चित्रात कुणी काढत नाही.

रोमकरांच्या आठव्या अध्यायात पौल यादीच देतो: क्लेश, आपत्ती, छळणूक, उपासमार, नग्नता, संकट, तलवार. ही यादी विश्वासणाऱ्यांवर येणाऱ्या गोष्टींची आहे. यातलं काहीही ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळं करणार नाही, एवढाच त्याचा दावा. डायलिसिस त्या यादीत बसतं.

बेथानीची गोष्ट मी वॉर्डात सगळ्यांत जास्त वाचली. मार्था आणि मरीया या बहिणींनी भाऊ लाजरासाठी येशूला निरोप पाठवला तो फक्त एवढाच: ज्याच्यावर आपण प्रेम करता तो आजारी आहे. आणि योहान लिहितो की येशूचं त्या तिघांवर प्रेम होतं, तरी तो आहे तिथेच आणखी दोन दिवस राहिला. हे वाक्य मला आजही पचत नाही. त्या दोन दिवसांचा खुलासा मी कुणालाही देत नाही. देवाचा गौरव व्हावा हे उत्तर शास्त्रात आहे, पण ज्याचा माणूस खाटेवर आहे त्याच्या तोंडावर ते फेकायचं नसतं. नंतर मार्था आणि मरीया दोघी वेगवेगळ्या वेळी त्याला तेच वाक्य ऐकवतात, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तो दोघींनाही गप्प बसवत नाही. मार्थेशी तो बोलतो, पुनरुत्थानाबद्दल, सविस्तर. मरीयेशी फारसं बोलत नाही, तिच्याबरोबर रडतो. वाक्य एकच होतं, पण माणसं दोन होती. तुम्हाला यातलं काय हवंय हे तुमच्या पाळकांना सांगा. काहींना प्रवचन हवं असतं, काहींना कुणीतरी शेजारी बसलेलं हवं असतं. आम्हा पाळकांना ते आपोआप कळतं असं समजू नका.

बरं होणं घडत नाही असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी हात टेकलेली माणसं उठून बसलेली मी पाहिली आहेत आणि त्याचं श्रेय मी प्रभूला देतो. तितक्याच कळकळीने प्रार्थना केलेल्यांना मूठमाती देण्यासाठीही उभा राहिलो आहे. पहिली गोष्ट सांगून दुसरी लपवणारा माणूस साक्ष देत नाही, जाहिरात करतो.

आपल्याच मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती, तेव्हा मुलगी मनोरमा अजून तान्ही. दुसऱ्या वर्षी त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सगळं सुरळीत झालं का? ऐकू येणं कमी होत गेलं. आणि १९२१ मध्ये मनोरमाही गेली, जिच्या हाती सगळं काम सोपवायचं होतं ती. रमाबाई १९२२च्या एप्रिलमध्ये गेल्या, तोवर बायबलच्या भाषांतराचं काम चालूच होतं. विश्वास कमी पडला असं रमाबाईंबद्दल म्हणायची हिंमत तुमच्या गुरुवारच्या गटात कुणाची आहे का? त्याच बाईने १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या, न्हाऊमाखू घातल्या, शिकवल्या. त्या मुलींना ख्रिस्ताची काळजी कळली ती रमाबाईंच्या हातांनी वाढलेल्या ताटातून.

आणि माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा अशीच कळते, कुणाच्या तरी हातून. वधस्तंभावरून प्रभूने आपल्या आईला शिष्याच्या घरी सोपवलं. तिच्या पोटापाण्याची सोय एका माणसाकडे दिली. यरुशलेमेच्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटणीत गडबड झाली तेव्हा प्रेषितांनी सात माणसं नेमली. तुमच्या मंडळीने तुमच्यासाठी काय केलंय? प्रार्थना केली, ठीक. पण डायलिसिसला कोण नेतं? चार तास मशीनशेजारी कोण बसतं? तुम्ही लिहिलंय की सगळं तुम्हीच. मग तुम्हाला काळजी दिसत नाही यात तुमचा दोष कमी आणि आमचा, म्हणजे मंडळीचा, जास्त.

एक प्रसंग सांगतो. आमच्या मंडळीतल्या एका भावाचं डायलिसिस चालू होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणायचा, आजाऱ्याला दुसरं काय न्यायचं! खाटेखाली शहाळ्यांचा ढीग. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, म्हणजे त्या माणसाला ते विषासारखं, आणि पाण्याचं रोजचं माप ठरलेलं ते वेगळंच. त्यांची बायको प्रत्येकाला हसून "ठेवा" म्हणायची आणि नंतर शेजाऱ्यांना वाटायची. शेवटी स्त्री मंडळाच्या एका सिस्टरने, त्या निवृत्त नर्स होत्या, उपासनेनंतर उभं राहून स्पष्ट सांगितलं: शहाळं नको, केळी नको, ज्या हाताला फिस्चुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, आहे तो हात दाबू नका, त्यावर बीपीचा पट्टा बांधू देऊ नका. आणि कागद फिरवला, मंगळवार, गुरुवार, शनिवार, कोण कधी बसणार. त्या भावाने मला एकदा आपला फिस्चुला हाताला लावून दाखवला होता, कातडीखाली रक्त घरघरत असतं ते बोटांना लागतं. ती घरघर चालू आहे ना, हे तो रोज सकाळी उठल्यावर तपासायचा. मग प्रार्थना. दोन्ही एकाच खाटेवर बसून.

असा कागद तुमच्या मंडळीत फिरवायला सांगा. पाळकसाहेबांना स्वतः सांगा, संकोच करू नका. पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं तेव्हा येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला असं लिहिलंय. तुमच्यात सध्या बळ नसेल तर इतरांच्या खांद्यावर जा, त्याला शास्त्रात जागा आहे.

औषधोपचार म्हणजे अविश्वास असं कुणी म्हटलं तर एवढं सांगा. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचा दवाखाना उघडला. आणि भारतात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये झालं ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात. ज्या मशीनवर तुमचे यजमान झोपतात त्याच विद्याशाखेत ख्रिस्ती माणसांनी आयुष्यं घातली आहेत.

पैशाचं विचारलं नाहीत, पण सांगून ठेवतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, त्याला रेशनकार्ड घेऊन भेटा. आणि कुणी विश्वासाचं बी पेरा, अमुक रक्कम अर्पण करा, मग बरे व्हाल असं म्हणालं, तर त्याला चहाही देऊ नका. प्रभूने बरं करण्याचे पैसे कुणाकडून घेतल्याचं शुभवर्तमानात नाही.

तुम्ही लिहिलंय की हल्ली प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत. मग नका शोधू. स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग तुम्हाला पाठ असतील, त्यातला एखादा म्हणा. स्वतःचं वाक्य सुचेपर्यंत तेवढं पुरे. रविवारी देवळात जाणं जमत नसेल तर प्रभुभोजन घरी द्यायला पाळकांना बोलवा, पण पाण्याचं माप आधी सांगा.

मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सगळं संपवावं असं मनात येत असेल, तर तो विश्वासाचा प्रश्न समजू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि तुमच्या डॉक्टरांना सांगा. रुग्णाची सेवा करणारा माणूस आजारी पडतो हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता खाटेवरच्याआधी खाटेशेजारच्याची विचारपूस करतो.

गुरुवारच्या गटाचं काय करायचं? तोडू नका, त्यातल्या बऱ्याच जणी मनापासून येत असतील. पण त्या बाईंना एकदा स्पष्ट सांगा, किंवा पाळकांकरवी सांगा, की मशीन बंद करण्याचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही, आणि ज्यांना यायचं आहे त्यांनी अर्धा तास प्रार्थना करावी आणि एखादीने मागे थांबून भांडी घासावीत. कोण टिकतं ते बघा.

आणि एक गोष्ट तुमच्या संपूर्ण पत्रात कुठेच सापडली नाही. यजमानांना स्वतःला काय मागायचंय? सगळे त्यांच्यासाठी मागतायत, त्यांना कुणी विचारलंय का? बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असूनही येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं म्हणून तुझी इच्छा आहे? मी हा प्रश्न रुग्णांना विचारायचो तेव्हा उत्तरं भलतीच यायची. कुणाला बरं होण्याआधी भावाशी समेट हवा असायचा, कुणाला एक रात्र घाबरं न होता झोपायचं असायचं, एकाला फक्त लोकांनी त्याच्यासमोर रडणं थांबवावं असं वाटत होतं. पुढच्या डायलिसिसला तुम्हीच बसणार असाल तर चार तास आहेत, तेव्हा त्यांना विचारा.